मशीन कोणतं घेऊ? थांबा, आधी पाणी कसलंय ते सांगा

मागच्या अंकात घरातली पाण्याची टाकी कशी धुवायची ते लिहिलं होतं, त्यावर पत्रं मात्र भलतीच आली. टाकी राहिली बाजूला, सगळ्यांचा एकच प्रश्न, पाणी शुद्ध करायचं मशीन कोणतं घेऊ. गठ्ठा चाळला तर पाण्याचा लॅब रिपोर्ट जोडलेली पत्रं फक्त दोन निघाली. बाकीच्यांनी नुसता टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, लिटरला मिलिग्रॅममध्ये) लिहिलाय किंवा तोही नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "औषध द्या" म्हणावं तसला प्रकार झाला हा. तरी जमेल तेवढी उत्तरं देतोय.

प्रश्न: नवीन घरात राहायला आलोय. सार्वजनिक योजनेचं पाणी येतं, टीडीएस २१० आहे. मशीन विकणारा एकजण घरी आला, त्याने एका ग्लासात आमच्या नळाचं आणि दुसऱ्यात आरओचं (मेम्ब्रेन म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने गाळलेलं) पाणी घेऊन त्यात वायर लावलेल्या दांड्या बुडवल्या, आणि दोन मिनिटांत आमच्या ग्लासात तपकिरी-काळा गाळ झाला, आरओचं तसंच्या तसं स्वच्छ. तेव्हापासून बायको नळाचं पाणी तोंडाला लावत नाहीये. खरंच एवढी घाण पितोय का आम्ही?

उत्तर: नाही हो. तो गाळ पाण्यातला नव्हताच, त्या दांडीचा होता. दांड्यांमध्ये एक लोखंडाची असते, नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतातच म्हणून त्यातून करंट वाहतो, करंट वाहिला की लोखंड विरघळायला लागतं आणि त्याचा गंज पाण्यात तरंगताना दिसतो, बस. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून करंटच जात नाही आणि दांडी शाबूत राहते. पुन्हा आला तर एक करा, त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा आता बुडवा दांड्या, तिथेही तसाच गाळ होईल. गंमत वहिनींना समोर बसवून दाखवा म्हणजे त्यांचीही भीती जाईल.

आता टीडीएसचं. तो पेनासारखा मीटर खरं तर पाण्यातून वीज किती जाते तेवढंच मोजतो आणि त्याला एका ठरावीक आकड्याने गुणून टीडीएस म्हणून दाखवतो. पाण्यात जंतू किती ते त्याला कळत नाही, कीटकनाशक कळत नाही. आर्सेनिकचंच घ्या, जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवलीय, समजा तुमच्या पाण्यात त्याच्या दहापट असलं तरी ते झालं ०.१ मिलिग्रॅम, आणि मीटर तर पूर्ण एकेका मिलिग्रॅमने पुढे सरकतो. म्हणजे विष असलं तरी आकडा २१० चा २१०च. उलट टीडीएस ७०० आलं म्हणून पाणी वाईट असंही नाही. ६०० च्या आत पाणी चवीला चांगलं लागतं, १००० च्या वर गेलं की लोकांना नको वाटायला लागतं, असं त्याच संघटनेचं म्हणणं आहे, म्हणजे मामला मुळात चवीचा. २१० ला आरओची गरज नाही, निदान टीडीएससाठी तरी नाहीच.

मग गरज कशाची? तुमचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघताना क्लोरीन घालूनच निघतं, बिघडतं ते वाटेत. पाइपाला गळती असली आणि पाणी काही तासच सोडत असतील तर पाणी बंद असताना बाहेरची घाण आत ओढली जाते, शिवाय तुमच्या बिल्डिंगची टाकी. तेव्हा आधी कोलिफॉर्म आणि ई. कोलाय (पाण्यात घाण मिसळल्याची खूण देणारे जंतू) यांची टेस्ट करून घ्या, स्वयंपाकघरातल्या नळाचं एक सॅम्पल आणि जमलं तर टाकीत पडणाऱ्या पाण्याचं दुसरं, म्हणजे दोष टाकीचा की लाइनचा तेही कळेल. बाटली लॅबकडूनच आणायची, निर्जंतुक केलेली असते, तिला आतून बोट लावायचं नाही, आणि भरल्यावर थंड ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवायची. लोक जुनी शीतपेयाची बाटली विसळून त्यात आणतात आणि मग रिपोर्ट खराब आला म्हणून लॅबशी भांडतात, हे मी स्वतः टेबलाच्या पलीकडे बसून ऐकलेलं आहे.

जंतूंचाच प्रश्न निघाला तर गाळाचा फिल्टर, मग क्लोरीन काढणारा कार्बन, मग यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, एवढं पुरतं. क्रम महत्त्वाचा आहे हां, कारण गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात आणि यूव्हीचा प्रकाश तिथे पोचत नाही. यूव्हीचा एक मोठा फायदा असा की क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जुलाब करणारा जीव क्लोरीनला दाद देत नाही तो यूव्हीपुढे मात्र टिकत नाही. वीज सारखी जात असेल तर यूएफ बघा, ती विजेशिवाय चालणारी बारीक गाळणीच, त्याची छिद्रं साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बॅक्टेरिया अडकतात, पण काही व्हायरस ०.०२ मायक्रॉनइतके बारीक असतात, त्यामुळे यूएफवाला "शंभर टक्के" म्हणाला तर मान हलवू नका.

आणि आता माझा स्वतःचा गाढवपणा पण सांगतो. लॅबमध्ये नोकरी करत असताना मी घरी आरओ लावला होता, टीडीएस १४० च्या पाण्याला! का, तर शेजारी सगळ्यांकडे होता. तीन वर्षं आरओतून वाया जाणारं पाणी रोज बादल्या भरून गटारात सोडलं आणि एवढं करून घरात जुलाब चालूच, कारण दात घासायला आणि भाज्या धुवायला टाकीचंच पाणी आणि टाकीच्या झाकणाला बोटभर फट. झाकण बदललं, प्रश्न संपला.

प्रश्न: बोअरचं पाणी आहे, टीडीएस १४००. नळांवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल दोनदा गेली. एकजण म्हणतो सॉफ्टनर लावा, दुसरा म्हणतो पूर्ण घराला आरओ. मुतखड्याची पण भीती वाटते.

उत्तर: तुमचे प्रश्न खरं म्हणजे दोन आहेत आणि विकणारे ते मुद्दाम एकात घालतात. पांढरा थर, फेस, कॉइल हे सगळं हार्डनेसचं, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं. त्यावर सॉफ्टनर. त्याच्या टाकीत बारीक मण्यांसारखं रेझिन असतं, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, रेझिन भरलं की मिठाच्या पाण्याने धुवायचं, पुन्हा चालू. पण बघा, एक घेऊन दुसरं दिलं म्हणजे टीडीएस तिथल्या तिथेच! सॉफ्टनर लावून टीडीएस मोजतात आणि फसलो म्हणून ओरडतात, फसलेले नसतात, त्याचं ते कामच नाही. हार्डनेसचा प्रत्येक १०० मिलिग्रॅम काढताना लिटरमागे साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं, म्हणजे हार्डनेस ६०० असेल तर पावणेतीनशेच्या आसपास. घरात कुणाला बीपी असेल, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर हे पाणी पिण्यात नको. आंघोळ, कपडे, गिझर यांना झकास.

पूर्ण घराला आरओ म्हणजे उधळपट्टी आहे, संडासात टाकायला आरओचं पाणी कशाला? सॉफ्टनर घराला आणि ओट्याखाली छोटा आरओ फक्त पिण्या-स्वयंपाकाला, ही जोडी चांगली, कारण सॉफ्टनरचं पाणी आरओत गेलं की मेम्ब्रेनवर थर बसत नाही आणि आलेलं सोडियम आरओ काढून टाकतो. १४०० टीडीएसला पिण्यासाठी आरओ घ्या असं मीही म्हणेन. फक्त प्रेशर बघा, पाण्यातले क्षार वाढले की ढकलायला जोर जास्त लागतो, बूस्टर पंप असलेलंच घ्यावं लागेल.

मुतखड्याचं म्हणाल तर जड म्हणजे जास्त हार्डनेसचं पाणी प्यायल्याने खडा होतो असं सिद्ध झालेलं नाही, पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण आहे, ज्यांना आधी झालेला आहे त्यांनी मला नाही डॉक्टरांना विचारावं. मला तुमच्या पत्रात काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. बोअर आहे आणि फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यातलं काहीच तपासलेलं नाही. ही तिन्ही दिसत नाहीत, वास नाही, चव नाही. जागतिक आरोग्य संघटनेची फ्लोराइडची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम, नायट्रेटची ५०. हार्डनेस त्रास देतो पण निदान समोर येऊन देतो. या तिघांची टेस्ट या महिन्यात करा, सॉफ्टनर पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल.

प्रश्न: आमच्या आजी म्हणतात उकळलं की झालं, मशीनबिशीन कशाला. बरोबर आहे का त्यांचं?

उत्तर: जंतूंच्या बाबतीत आजी शंभर टक्के बरोबर. खळखळून उकळी आली की एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर उंचीवर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. वीस-वीस मिनिटं आटवत बसायची गरज नाही, गॅस जातो फुकट. फक्त नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक, शिसं यातलं काहीही उकळून जात नाही, पाण्याची वाफ होते आणि ते खालीच राहतं, म्हणजे उकळाल तेवढं थोडं वाढतंच. घरात बाटलीचं दूध पिणारं तान्हं बाळ असेल आणि पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर ते पाणी उकळूनही वापरू नका, बाळाच्या रक्तात प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडू शकतं. आणि उकळलेल्या पाण्यात पेला बुडवायचा नाही, नळाचं भांडं वापरा. आजींना नमस्कार सांगा.

प्रश्न: मूळ पाण्याचं टीडीएस ४००, आरओचं २५ येतं. सर्व्हिसवाला म्हणाला एवढं कमी पाणी हाडं ठिसूळ करतं, त्याने आत एक स्क्रू फिरवून १५० केलं आणि म्हणाला आता मिनरल्स आले. खरं का?

उत्तर: हा प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला खास धन्यवाद, कारण ह्या स्क्रूबद्दल मला कित्येक वर्षं लिहायचं होतं. त्या स्क्रूचं नाव टीडीएस कंट्रोलर वगैरे भारी असतं पण आत आहे काय तर एक छोटी आडवाट. कच्चं पाणी मेम्ब्रेनला बगल देऊन थेट शुद्ध पाण्यात मिसळतं, बाहेरून कुठलं मिनरल येत नाही. आता हिशोब करा. तुमचं मूळ टीडीएस तुम्ही लिहिलंय ४००. मेम्ब्रेनचं २५, मिसळून १५० करायचं तर साधारण तिसरा हिस्सा कच्चं पाणी घालावं लागतं. मूळ पाण्यात आर्सेनिक समजा ०.०४ मिलिग्रॅम असेल तर त्याचा तिसरा हिस्सा ०.०१३, म्हणजे मर्यादेच्या वर. मशीन घेतलं कशासाठी आणि प्यायलात काय!

पाण्यात फक्त खारटपणा असेल, रिपोर्टमध्ये बाकी काही नसेल आणि मिसळलेलं पाणी पुढे यूव्हीतून जात असेल तर फिरवा खुशाल, चव सुधारते. पण तसं असेल तर ४०० ला आरओ घेतला कशाला हाही प्रश्न उरतोच. आणि रिपोर्टमध्ये विषारी काही असेल तर स्क्रू पूर्ण बंद, चव हवी असेल तर शेवटी मिनरल कार्ट्रिज मिळतं, त्यात खनिजाचे खडे असतात आणि शुद्ध पाण्यात त्यातलंच थोडं विरघळतं, ते लावा. हाडांचं म्हणाल तर कॅल्शियम आपल्याला मुख्यतः जेवणातून मिळतं, जेवण धड असेल तर २५ च्या पाण्याने घाबरायचं कारण नाही.

प्रश्न: आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घातलं तर चालेल?

उत्तर: मूळ पाण्यावर आहे. घरगुती मशीन बऱ्याचदा चार लिटर घेऊन एक लिटर देतं आणि तीन सोडतं, म्हणजे चार लिटरचे क्षार तीन लिटरात. मूळ ३०० असेल तर सोडलेलं चारशेच्या आत, बहुतेक झाडांना चालतं. मूळ १४०० असेल तर ते जातं साडेअठराशेच्या आसपास, कुंडीतली माती काही महिन्यांत पांढरी पडेल आणि पानांच्या कडा जळतील. ते फरशी आणि संडासाला. पाइप सरळ बादलीत सोडा आणि एकदा स्वतः मोजून बघा, किती जातं ते कळल्यावर माणूस हादरतो.

प्रश्न: पाणी नळातून स्वच्छ येतं पण रात्रभर ठेवलं की पिवळट-तपकिरी होतं. शिवाय सडक्या अंड्यासारखा वास. मशीन दर दोन महिन्यांनी चोक.

उत्तर: पिवळं होणं हे लोह. जमिनीखाली हवा नसते म्हणून ते विरघळलेलं आणि बिनरंगी असतं, वर येऊन हवा लागली की गंज. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की कपड्यांवर, भांड्यांवर डाग दिसायला लागतात. हे असलं पाणी थेट आरओला दिलं तर मेम्ब्रेन चोक होणारच, मशीनचा दोष नाही आणि यूव्हीला दिलं तर नळीच्या काचेवर थर बसून प्रकाश आत जात नाही. आधी हवा मिसळून लोह खाली बसवणारा किंवा लोहासाठीचाच वेगळा फिल्टर, मग बाकीचं. वासाचं आधी एक बघा, थंड नळालाही येतो की फक्त गरम पाण्याला? फक्त गरमला येत असेल तर दोष बहुधा गिझरमधल्या मॅग्नेशियमच्या दांडीचा आहे, प्लंबरला ती बदलायला सांगा, पाण्याचं मशीन घ्यायची गरजच नाही.

प्रश्न: अल्कलाइन पाण्याचं मशीन घेऊ का? शरीरातलं ॲसिड कमी होतं म्हणतात.

उत्तर: पोटात ॲसिड असतं पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) दोन-तीनच्या आसपास, तुमचं आठ-नऊ पीएचचं पाणी तिथे पोचल्यावर त्याचं काय होणार? रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि किडन्या सांभाळतात, पाणी नाही. नका घेऊ.

प्रश्न: सर्व्हिसवाला दर वेळी येतो आणि "सगळं बदलायला लागेल" म्हणतो. आपल्याला कसं कळणार खरं का खोटं? आणि दोन महिने घर बंद होतं, आता आल्यावर ते पाणी प्यावं का?

उत्तर: एक वही करा, साधी. महिन्यातून एकदा आत जाणाऱ्या पाण्याचं आणि बाहेर येणाऱ्याचं टीडीएस लिहायचं. इथे मात्र तो मीटर खरंच कामाचा आहे, एवढ्यापुरता. आत ८००, बाहेर ५० तर मेम्ब्रेन मस्त. बाहेरचं हळूहळू १००, १५०, २०० होत गेलं तर मेम्ब्रेनची वेळ आली. मोजताना मशीन बंद असल्यावरचा पहिला ग्लास घेऊ नका, मशीन उभं राहिलं की क्षार मेम्ब्रेनमधून झिरपून पलीकडे येतात आणि पहिल्या ग्लासचा आकडा उगीच जास्त दिसतो, सर्व्हिसवाले नेमका तोच दाखवतात. दहा मिनिटं चालू द्या मग मोजा.

गाळाचा फिल्टर डोळ्यांनी दिसतो, काळा-तपकिरी झाला किंवा धार बारीक झाली की बदला. कार्बन मात्र दिसून कळत नाही आणि तोच लोक वाचवतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर कार्बन संपल्यावर क्लोरीन सरळ मेम्ब्रेनवर जातं आणि हल्लीच्या मेम्ब्रेनला ते खाऊन टाकतं, म्हणजे स्वस्त वस्तू वाचवायला गेलात आणि महाग गेली. कंपनीने दिलेल्या लिटरच्या हिशोबाने बदलायचा. यूव्हीचा दिवा निळा दिसतो म्हणून चांगला असं समजू नका, जंतू मारणारा प्रकाश २५४ नॅनोमीटरचा, तो डोळ्यांना दिसतच नाही, निळा उजेड राहतो आणि मारायची ताकद कमी झालेली असते. साधारण नऊ हजार तास, म्हणजे सतत चालू असेल तर वर्षाला एक दिवा.

आणि बदललेला जुना भाग मागून घ्या दर वेळी. नवीन पाकिटातून निघाला का तेही उभं राहून बघा, संकोच करू नका.

दोन महिने बंद होतं तर नाही, लगेच पिऊ नका. मशीनच्या टाकीत साचलेलं सगळं सोडा, कार्बनने क्लोरीन आधीच काढून टाकलेलं असतं त्यामुळे त्या पाण्यात जंतूंना रान मोकळं असतं. कार्बन आणि गाळाचा फिल्टर नवीन घाला, साठवणीची टाकी कंपनीच्या पद्धतीने निर्जंतुक करून घ्या, मग दोन टाक्या भरून ओतून द्या. तोपर्यंत वर त्या आजींनी सांगितलंय तसं उकळून प्या. पुढच्या वेळी जाताना नळ बंद, स्विच बंद आणि टाकी रिकामी करूनच कुलूप लावा.